पहिल्या मणक्यातली फट

माणसाच्या मानेत सात मणके असतात आणि त्यांतला पहिला इतर कुठल्याच मणक्यासारखा नसतो. इतरांना पुढच्या बाजूला भरीव गाभा असतो, याला तो नाही. इतरांना मागे निमुळते टोक असते, याला त्या जागी जेमतेम एक उंचवटा. उरते ते एक कडे: दोन्ही बाजूंना दोन जाड ठोकळे, त्यांना पुढून जोडणारी आखूड कमान आणि मागून जोडणारी लांब, बारीक कमान. डोक्यावर हंडा घेताना बायका खाली चुंबळ ठेवतात, तशी ही कवटीखालची चुंबळ. फरक इतकाच की हिच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो. पुस्तकी मराठीत या मणक्याला शीर्षधर म्हणतात. डॉक्टर ॲटलस म्हणतात किंवा नुसते 'सी-वन'.

वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी हाडांचा संच मिळतो. त्यात हे कडे चटकन ओळखू येते, कारण तळहातावर ते सपाट बसते. वरच्या अंगाला दोन लांबट खोलगट पृष्ठभाग दिसतात. कवटीच्या बुडाचे दोन उंचवटे त्यांत टेकतात आणि 'हो' म्हणताना मान हलते ती मुख्यतः या सांध्यात. खालचे दोन पृष्ठभाग जवळपास सपाट असतात. ते दुसऱ्या मणक्यावर फिरतात, म्हणून 'नाही' म्हणता येते. दुसऱ्या मणक्याचा दातासारखा सुळका या कड्याच्या पुढच्या कमानीला आतून टेकून उभा असतो आणि एक मजबूत आडवा अस्थिबंध त्याला जागेवर धरून ठेवतो. मागच्या कमानीवर बोट फिरवले तर दोन्हीकडे एकेक खाच लागते. मेंदूकडे जाणारी मणक्याची रोहिणी त्या खाचेतून वळण घेऊन कवटीत शिरते. ही खाच नीट लक्षात ठेवावी, कारण पुढच्या कथेत शल्यविशारदांना सर्वांत जास्त धाक तिचाच आहे.

साधारण दर पंचवीस माणसांतल्या एकाच्या मानेत हे कडे पूर्ण झालेले नसते. बहुतेक वेळा मागची कमान मधोमध जुळायची राहिलेली असते. क्वचित कमानीचा मोठा भाग तयारच होत नाही. कधी पुढची कमान दुभंगलेली असते. कधी अख्खा मणका कवटीच्या बुडाला चिकटून एकजीव झालेला असतो. यांतल्या बहुसंख्य माणसांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. ती ओझी उचलतात, शेतात राबतात, म्हातारी होतात. म्हणूनच या दोषांचा इतिहास रुग्णाच्या तक्रारीपासून सुरू होत नाही. तो सुरू होतो शवविच्छेदनाच्या टेबलावर.

व्हिएन्नात कार्ल रोकिटान्स्की यांनी हयातभरात सुमारे तीस हजार शवविच्छेदने स्वतः केली. १८४४ मध्ये त्यांनी पहिला मणका कवटीशी जोडला गेल्याचे वर्णन नोंदवले आणि या विकृतीच्या इतिहासात पहिले नाव सहसा त्यांचेच घेतले जाते. केंब्रिजचे शरीररचनेचे प्राध्यापक अलेक्झांडर मॅकॅलिस्टर यांनी १८९३ मध्ये ॲटलसची वाढ आणि त्यातले वैविध्य यांवर मोठा लेख प्रसिद्ध केला. हे दोघेही हाड पाहत होते, माणूस नव्हे. जिवंत माणसाच्या मानेत काय आहे हे दिसण्याची सोय नव्हतीच. १८९५ च्या अखेरीस रोंटगेनना क्ष-किरण सापडले आणि १९११ मध्ये व्हिएन्नाच्याच आर्टुर शुलर यांनी कवटीला चिकटलेला ॲटलस एक्स-रेवर दाखवून दिला. कवटीच्या एक्स-रेचे शास्त्र ज्यांनी उभे केले त्यांत शुलर अग्रभागी होते. ज्यू असल्याने नाझी राजवट आल्यावर त्यांना व्हिएन्ना सोडावे लागले आणि उरलेले आयुष्य त्यांनी मेलबर्नला काढले. आज ॲटलसचा एक्स-रे वाचणाऱ्यांना हे नाव ठाऊक असायला हवे.

एक्स-रे आल्याने मात्र एक नवाच घोटाळा उभा राहिला. फट दिसायला लागली आणि दिसलेली प्रत्येक फट म्हणजे मोडलेले हाड असे वाटू लागले.

त्याला कारणही तसेच होते. मँचेस्टरचे शल्यविशारद जेफ्री जेफरसन यांनी १९२० मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'त ॲटलसच्या अस्थिभंगाचे स्वतःचे चार रुग्ण मांडले आणि त्याआधी नोंदलेल्या सगळ्या रुग्णांचा आढावा घेतला. त्यांचा मुद्दा यंत्रशास्त्राचा होता. उथळ पाण्यात सूर मारताना डोके तळाला आपटले की भार कवटीतून सरळ खाली येतो. ॲटलसचे दोन्ही ठोकळे पाचरीच्या आकाराचे आहेत, आतून बारीक आणि बाहेरून जाड. वरून कवटी आणि खालून दुसरा मणका यांच्यामध्ये चेपल्यावर ते बाहेरच्या बाजूला फेकले जातात आणि कडे त्याच्या सर्वांत बारीक जागी, कमानींमध्ये, फुटते. हे वर्णन इतके पटणारे होते की या इजेला आजही जेफरसन फ्रॅक्चर म्हणतात. कडे बाहेरच्या दिशेने फुटत असल्याने मज्जारज्जूला पुष्कळदा धक्का लागत नाही, हेही या इजेचे एक वैशिष्ट्य.

आता अपघातानंतर मान दुखते म्हणून आलेल्या माणसाचा विचार करावा. तोंड उघडायला लावून समोरून एक्स-रे काढला, तर ॲटलसचे ठोकळे दुसऱ्या मणक्याच्या कडेबाहेर किंचित सरकलेले दिसतात. मागच्या कमानीत फटही आहे. डॉक्टरच्या डोक्यात जेफरसन येणारच. पण जन्मतःच कमान न जुळलेल्या माणसातही ठोकळे एक-दोन मिलिमीटर बाहेर असू शकतात आणि फट तर असतेच. लहान मुलांत हा गोंधळ आणखी वाढतो, कारण त्यांच्या मणक्यातल्या काही जागा अजून कूर्चेच्या असतात आणि कूर्चा एक्स-रेवर उमटत नाही. १९८३ मध्ये गेहवायलर, डॅफनर आणि रॉबर्ट्स या अमेरिकी क्ष-किरण तज्ज्ञांनी जेफरसन फ्रॅक्चरची बतावणी करणाऱ्या जन्मजात विकृतींवर लेख लिहिला, तो याच अडचणीतून.

ओळखायची खूण मात्र साधी आहे आणि ती शिकवताना आजही तेच सांगतात. मोडलेल्या हाडाची कड खरखरीत, ओबडधोबड असते आणि भोवतालचे मऊ भाग सुजलेले असतात. जन्मजात फटीची कड गुळगुळीत असते. तिच्यावर हाडाचे पक्के बाह्य आवरण चढलेले असते, कारण ते टोक तुटलेले नसून तिथेच संपलेले असते. सीटी स्कॅन आल्यावर ही कड स्पष्ट दिसू लागली आणि फसगत बरीच कमी झाली.

फट किती लोकांत असते, हा प्रश्न सुटला तो जर्मन विकृतिशास्त्रज्ञ पाउल गाइपेल यांच्या चिकाटीमुळे. त्यांनी १,६१३ मृतदेहांच्या माना तपासल्या. मागच्या कमानीतला दोष सुमारे ४ टक्क्यांत सापडला, पुढच्या कमानीतला अवघ्या ०.१ टक्क्यात. मागच्या दोषांपैकी ९७ टक्के अगदी मध्यरेषेवर होते, उरलेले बाजूला. १९३२ च्या सुमाराचे हे आकडे आजच्या शोधनिबंधांतही पहिल्या परिच्छेदात येतात. कोणताही आजार न शोधता, कोणत्याही रुग्णाला बरे न करता केलेले हे काम आहे. पण नेहमीच्या माणसांत दोष किती हे कळले नसते, तर दिसलेली फट आजाराचे कारण आहे की निव्वळ योगायोग, हे ठरवायला काही आधारच उरला नसता. या विषयात सर्वांत मोठे ऋण कुणाचे, असे विचारले तर गाइपेल यांचे नाव घ्यावे.

कमान जुळायची राहते ती का? उत्तर हाड तयार होण्याच्या क्रमात आहे. गर्भाच्या सातव्या आठवड्याच्या सुमारास ॲटलसच्या दोन्ही ठोकळ्यांत हाड बनवणारे एकेक केंद्र सुरू होते. तिथून हाड मागे सरकत जाते आणि दोन्ही हात मध्यरेषेवर भेटतात. ही भेट साधारण तिसऱ्या ते पाचव्या वर्षी होते. पुढच्या कमानीचे केंद्र आणखी उशिरा, बहुतेकांत जन्मानंतर पहिल्या वर्षात जागे होते, आणि ती कमान ठोकळ्यांना पक्की जुळायला सहा-आठ वर्षांचे वय उजाडते. म्हणजे बालवाडीत जाणाऱ्या कोणत्याही मुलाच्या मानेतले कडे अजून तयार होत असते. आधी कूर्चेचा साचा नीट बनला नाही, तर हाडाला पुढे सरकायला वाटच मिळत नाही आणि तिथे हाडाऐवजी तंतुमय पट्टा राहतो. पट्टा चिवट असतो. म्हणून मध्यरेषेवरची फट असलेली माणसे सहसा ठणठणीत असतात.

सगळेच प्रकार इतके निरुपद्रवी नसतात. १९९४ मध्ये कुरारिनो, रोलिन्स आणि डील यांनी मागच्या कमानीच्या दोषांचे पाच प्रकार ठरवले. मध्यरेषेवरची साधी फट हा पहिला आणि सर्वांत जास्त आढळणारा. शेवटच्या प्रकारात मागची कमान पूर्णपणे गायब असते. काळजी वाटावी अशी स्थिती यांच्या अधल्यामधल्या प्रकारांत आहे: कमानीच्या बाजू नसतात, पण मधला हाडाचा तुकडा मात्र सुटा राहिलेला असतो. मान मागे टाकली की हा सुटा तुकडा आत ढकलला जाऊन मज्जारज्जूवर टेकू शकतो. अशा माणसाला वर बघताना अचानक हातापायांत विजेसारखी चमक येते, किंवा किरकोळ पडझडीनंतर चारही अवयव काही वेळ लुळे पडतात. तो तुकडा शस्त्रक्रियेने काढला की त्रास थांबल्याची उदाहरणे आहेत. पूर्ण कमान नसलेला माणूस बरा आणि थोडीशी उरलेला अडचणीत, असे या हाडाचे विलक्षण गणित आहे.

कवटीला चिकटलेल्या ॲटलसची गोष्ट याहून गंभीर. तिथे कवटी आणि पहिला मणका यांच्यातला सांधा बंद पडलेला असतो. बऱ्याचदा दुसरा आणि तिसरा मणकाही एकमेकांना जुळलेले असतात. मग मानेच्या वरच्या भागातली सगळी हालचाल पहिल्या-दुसऱ्या मणक्यामधल्या एकाच सांध्यावर येऊन पडते. वर्षानुवर्षांच्या ताणाने तिथले अस्थिबंध सैल होतात आणि सुळका मागे, मज्जारज्जूच्या दिशेने, सरकू लागतो. सुळक्याच्या मागे उरलेली जागा १९ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की लक्षणे दिसू लागतात, असे माँट्रियलचे डोनाल्ड मॅकरे यांनी १९५३ मध्ये मोजून दाखवले.

या टप्प्यावर कथा मुंबईत येते आणि ती ओढूनताणून आणलेली नाही. कवटी आणि मानेच्या सांधेजोडातल्या जन्मजात विकृतींचे रुग्ण भारतात मोठ्या संख्येने येतात आणि या विषयातले काही पायाभूत काम भायखळा ते परळ एवढ्या टापूत झाले आहे. जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर वाडिया यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस मेंदू व मज्जासंस्थेच्या विकारांचा स्वतंत्र विभाग उभा केला. १९६७ मध्ये 'ब्रेन' या लंडनच्या नियतकालिकात त्यांचा निबंध आला: पहिला-दुसरा मणका जन्मतः सरकलेला असल्याने मज्जारज्जूला इजा झालेल्या २८ रुग्णांचा अभ्यास. हातापायांची शक्ती हळूहळू जाणारे असे रुग्ण दुसऱ्याच एखाद्या असाध्य आजाराच्या नावाखाली जाण्याचा धोका असे. मानेचा एक्स-रे डोके पुढे वाकवून आणि मागे टाकून, असा दोन्ही स्थितींत काढला की खरे कारण समोर येई. वाडियांचा निबंध पुढे जगभर उद्धृत झाला.

निदान झाले, पुढे काय करायचे?

सैल सांधा बांधून टाकणे हाच उपाय होता आणि बांधण्याची कल्पना जुनी होती. १९१० मध्ये बॉस्टनच्या मिक्स्टर आणि ऑसगुड यांनी ॲटलसची मागची कमान दुसऱ्या मणक्याला रेशमी धाग्याने बांधल्याचे नोंदवले आहे. टोरोंटोचे विल्यम गॅली यांनी १९३९ मध्ये धाग्याच्या जागी तार वापरली आणि मधे हाडाचा तुकडा बसवला, म्हणजे पुढे दोन्ही मणके जुळून यावेत. १९७८ मध्ये ब्रुक्स आणि जेन्किन्स यांनी त्यात सुधारणा केली. पण या सगळ्या पद्धतींचा भरवसा एकाच गोष्टीवर होता. तार ओवायची ती ॲटलसच्या मागच्या कमानीखालून. कमान दुभंगलेली असेल, नसेलच किंवा कवटीला चिकटलेली असेल, तर तार ओवायची कुठे? ज्यांना जन्मजात दोषामुळे शस्त्रक्रियेची गरज पडते, नेमक्या त्यांच्याच मानेत ही पद्धत लंगडी पडत होती. स्वित्झर्लंडचे फ्रिड्रिख मागेर्ल यांनी दुसऱ्या मणक्यातून थेट पहिल्यात जाणारा लांब स्क्रू आणला. तो भक्कम होता, पण मणके आधी नीट जागेवर आणावे लागत आणि स्क्रूच्या वाटेलगत रोहिणी होती.

परळच्या के. ई. एम. रुग्णालयात आणि त्याला जोडलेल्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. अतुल गोयल यांनी १९८८ पासून वेगळा मार्ग धरला. १९९४ मध्ये गोयल आणि लाहेरी यांच्या नावाने तो युरोपातल्या 'अ‍ॅक्टा न्यूरोकिरुर्गिका' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विचार असा: कमान नसली तरी दोन्ही बाजूंचे ठोकळे असतातच, आणि डोक्याचा भार मुळात तेच पेलतात. मग स्क्रू त्यांच्यातच का बसवू नये?

सांगायला सोपे, करायला अवघड. रुग्णाला पालथे झोपवून कवटीला ताण लावलेला असतो. मानेचे स्नायू बाजूला सारत खोल गेल्यावर पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यामधला सांधा लागतो, पण त्याच्या तोंडावर शिरांचे जाळे पसरलेले असते आणि मानेच्या दुसऱ्या मज्जातंतूची गाठ आडवी बसलेली असते. शिरांमधून भरपूर रक्त येते; ते दाब देऊन, भरण करून थांबवावे लागते. गोयल यांनी ती गाठ कापून जागा मोकळी करण्याचा निर्णय घेतला. त्याने डोक्याच्या मागच्या बाजूला बधिरता येते, पण सांधा समोर उघडा पडतो. मग सांध्यातली कूर्चा खरवडून काढायची, कमरेच्या हाडाचे तुकडे आत भरायचे, एक स्क्रू ॲटलसच्या ठोकळ्यात आणि दुसरा खालच्या मणक्यात बसवून दोन्हींवर धातूची पट्टी आवळायची. हे दोन्ही बाजूंना. वरच्या अंगाला खाचेतून जाणारी रोहिणी काही मिलिमीटरवर असते.

२००१ मध्ये जर्मनीचे युर्गेन हार्म्स यांनी पट्टीऐवजी फिरत्या डोक्याचे स्क्रू आणि दांडी वापरून हीच जोडणी सादर केली आणि साधने सहज मिळू लागल्याने ती जगभर पसरली. काही काळ पाश्चात्त्य लेखनात ती हार्म्स यांच्याच नावाने ओळखली जात होती. आता गोयल-हार्म्स पद्धत असे जोडनाव रूढ झाले आहे. मुंबईच्या महापालिकेच्या रुग्णालयात निघालेल्या पद्धतीला तिचे नाव मिळाले, ही रास्त गोष्ट झाली. २००२ मध्ये गोयल आणि सहकाऱ्यांनी १६० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. पुढे सांध्यात धातूचे तुकडे सारून तो उघडायचा आणि वर सरकलेला सुळका खाली आणायचा, हे तंत्र त्यांनी २००४ मध्ये मांडले. त्यामुळे तोंडातून शिरून सुळका कापण्याची जुनी, अवघड शस्त्रक्रिया पुष्कळ रुग्णांत टळू लागली.

२०१५ मध्ये के. ई. एम.मधून आणखी एक निबंध आला: पुढची आणि मागची अशा दोन्ही कमानी दुभंगलेल्या ७० रुग्णांचा. गोयल यांचे म्हणणे आहे की आखूड मान, जुळलेले मणके, दुभंगलेल्या कमानी या गोष्टींकडे मूळ दोष म्हणून पाहू नये. सांध्याच्या दीर्घकाळच्या अस्थिरतेला शरीराने दिलेला तो बचावात्मक प्रतिसाद असू शकतो. हे मत सर्वांना मान्य नाही. गर्भावस्थेत हाडांचा आराखडाच चुकतो, या बाजूनेही भक्कम पुरावा आहे. १९९३ मध्ये ब्रायन काँडी आणि पुढे नोबेल मिळालेले मारिओ कापेकी यांनी उंदरांमधले 'हॉक्स-डी-३' हे जनुक निकामी केले, तेव्हा त्यांचा पहिला मणका कवटीला जाऊन मिळाला. कोणता मणका कोणता हे ठरवणारी जनुके आहेत आणि ती बिघडली की ॲटलस आपली ओळख विसरून कवटीचा भाग होतो, असे त्यातून दिसले.

शस्त्रक्रियेच्या खोलीत मात्र या वादाआधी रोहिणीचा विचार होतो. जिथे मणका वेगळा घडलेला आहे, तिथे रोहिणीही नेहमीची वाट सोडून गेलेली असू शकते. कवटीला चिकटलेल्या ॲटलसमध्ये तर हे वारंवार दिसते. काही माणसांत कमानीवरच्या खाचेवर हाडाचा छोटा पूल असतो आणि वरून पाहताना तो पूल जाड कमानीसारखा भासतो. तिथे स्क्रू घातला तर तो थेट रोहिणीत जातो, असा इशारा २००५ मध्ये अमेरिकी शल्यविशारदांनी दिला. म्हणून आता अशा रुग्णाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन आधी काढतात, डावी आणि उजवी रोहिणी वेगवेगळी शोधतात, तिच्यापासून ठोकळ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजतात आणि स्क्रूची लांबी व दिशा त्या माणसापुरती ठरवतात.